वाचकांचे प्रश्न : जुन्या रायफलची नळी रीबोअर करावी का?

प्रश्न : वडिलांची .३१५ बोअरची (नळीच्या भोकाचं इंचातलं माप) बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल वारसाहक्काने माझ्या परवान्यावर आली आहे. बरीच वर्षं ती पेटीतच पडून होती. नळीतले आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) काळपट दिसतात आणि रेंजवर गोळ्या फाकतात. नळी रीबोअर करून (भोक मोठं करून नव्या खाचा पाडून) घ्यावी म्हणतो. अंबड एमआयडीसीत ओळखीचं वर्कशॉप आहे, लेथ उत्तम आहे, ते करून द्यायला तयार आहेत. – एक वाचक, निफाड

उत्तर : अंबडचा विचार आधी डोक्यातून काढा. कारागीर कितीही हुशार असो, शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्राची दुरुस्ती, रूपांतर आणि चाचणी यांना स्वतंत्र परवाना लागतो. परवाना नसलेल्या माणसाच्या हाती रायफल सोपवली तर तुम्ही आणि तो, दोघंही अडकाल.

आता नळीकडे वळू. काळपट दिसते म्हणजे झिजलीच असं नाही. पुष्कळदा तो गोळ्यांच्या आवरणातल्या तांब्याचा आणि जळक्या दारूचा थर असतो. रायफल रिकामी आहे याची खात्री करा, बोल्ट (मागचा सरकता दांडा) काढा आणि साफसफाई नेहमी चेंबरच्या (काडतूस बसतं त्या मागच्या) बाजूने करा. तोंडाकडून गज घातला तर तो काठाला घासतो आणि नेम कायमचा बिघडू शकतो. आधी सॉल्व्हंटमध्ये (थर विरघळवणाऱ्या द्रवात) भिजवलेली चिंधी फिरवा, मग पितळी ब्रश दहाएक वेळा आरपार न्या, थोडं थांबून पांढरी चिंधी काढा. तांबं काढणाऱ्या सॉल्व्हंटने चिंधीवर निळा-हिरवा रंग उतरला की आत तांबं असावं; पितळी ब्रशमुळेही तो रंग येऊ शकतो. रंग उतरायचा थांबेपर्यंत हेच चालू ठेवा. अमोनियाचं सॉल्व्हंट मात्र रात्रभर नळीत ठेवू नका. शेवटी नळी कोरडी करून तेलाचा पातळ हात द्या.

एवढं करूनही गोळ्या फाकत असतील तर परवानाधारक गनस्मिथकडून (बंदूक कारागिराकडून) मोजमाप करून घ्या. तो मऊ शिशाची गोळी तेल लावलेल्या नळीतून गजाने हळूहळू ढकलतो आणि बाहेर आल्यावर मायक्रोमीटरने मोजतो. गज कुठे जड जातो, कुठे एकदम हलका होतो, हे हाताला कळतं. मधेच हलका झाला आणि उजेडात त्याच जागी काळी कडी दिसली, तर नळी तिथे फुगलेली आहे. असं पोलाद ताणलेलं असतं. रीबोअरने ते पूर्ववत होत नाही. ती नळी बादच.

रीबोअर म्हणजे घासून साफ करणं, असा समज बराच आहे. तसं नाही. जुन्या खाचा पूर्ण जाईपर्यंत भोक मोठं करावं लागतं, म्हणजे कॅलिबरच (भोकाचं माप) बदलतं. .३०-०६ काडतुसाच्या रायफलचं उदाहरण घ्या. खाचांच्या मधल्या उंचवट्यांमधला व्यास ७.६२ मिमी, खाचांमधला ७.८२ मिमी. ही नळी रीबोअर करताना सहसा .३५ व्हेलन या मोठ्या काडतुसावर नेतात, तिथे हेच आकडे ८.८९ आणि ९.०९ मिमी होतात. पुढे पायलट (वाट दाखवणारं टोक) असलेलं लांब ड्रिल जुन्या भोकाच्या आधाराने चालतं. नळी मुळात वाकडी असेल तर ड्रिलही वाकडंच जातं. मग भोक गुळगुळीत, नेमक्या मापाचं करणारं रीमर, मग हुक कटरने एकेक खाच. एका फेरीत मिलिमीटरचा काही हजारावा भागच निघतो, त्यामुळे फेऱ्या फार होतात. त्यानंतर शिशाच्या लॅपने (घासायच्या ठोकळ्याने) घासणं, चेंबर नव्याने कापणं आणि गो, नो-गो गेज या मापकांनी हेडस्पेस (बंद बोल्ट आणि चेंबर यांच्यात काडतुसाला मिळणारी जागा) तपासणं. इथे चूक झाली तर काडतुसाचं कवच फुटून वायू नेमबाजाच्या तोंडावर येतो. शेवटी वाढीव दाबाची चाचणी. युरोपात ती रायफलसाठी कमाल दाबाच्या २५ टक्के वर घेतात.

भोक मोठं झालं म्हणजे भिंत पातळ झाली, आणि परवान्यावर .३१५ लिहिलेली रायफल .३१५ राहिली नाही. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय ते करता येत नाही. तुमच्यासाठी ते जिल्हाधिकारी कार्यालय, नाशिक शहरात राहणाऱ्यांसाठी पोलीस आयुक्तालय. शिवाय नव्या कॅलिबरची काडतुसं आणणार कुठून? आमचं स्पष्ट मत : नळी खरंच गेली असेल तर परवानाधारकाकडून त्याच बोअरची नवी नळी बसवा, रीबोअर नको.

प्रश्न : जुनी लष्करी काडतुसं वापरल्यावर दोन दिवसांत नळीत गंज चढतो. तेल लावतो, तरीही. – एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : जुन्या प्रायमरमधल्या (काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या टोपीतल्या) पोटॅशियम क्लोरेटमुळे नळीत पोटॅशियम क्लोराईड उरतं. ते मिठासारखंच, हवेतली ओल ओढून घेतं आणि तेलात विरघळत नाही. देवळालीच्या पावसाळ्यात तर दोन दिवसही फार झाले. त्याच संध्याकाळी चेंबरकडून फनेलने अर्धा-एक लिटर उकळतं पाणी सोडा. लाकडी दस्त्यात पाणी शिरू देऊ नका. गरम नळी स्वतःच सुकते, तरी दोन कोरड्या चिंध्या फिरवा आणि मगच तेल लावा. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक पांढरी चिंधी. तांबूस निघाली तर पाण्यापासून सगळं परत.