राज्यं का ढासळतात याचा अभ्यास कोल्हापुरात राहून कुठून सुरू करावा?
आधी ‘दुबळं’ आणि ‘कोसळलेलं’ यांत गल्लत करू नका. १९९१ मध्ये सियाद बारे पळाल्यावर सोमालियात केंद्र सरकारच उरलं नाही, ते कोसळणं. करवीर, म्हणजे कोल्हापूरचं राज्य १८१२ च्या तहात इंग्रजांना मालवण देऊनही टिकलं, ते दुबळेपण.

मग इथलाच १८४४ चा गडकऱ्यांचा, म्हणजे गड राखणाऱ्यांचा उठाव घ्या. सामानगडची शिबंदी, म्हणजे गडावरची फौज का बिथरली? वंशपरंपरेच्या जमिनींचा कारभार गडावरून मामलेदाराकडे गेला म्हणून. सुधारणेनंच निष्ठा तोडली की!

इथल्या पुराभिलेखागारातले जुने कागद मोडीत आहेत, तेव्हा आधी मोडी शिका. वसूल आणि शिबंदीचा खर्च, वर्षवार दोन रकाने मांडा. नुसते इंग्रजांचे अहवाल वाचलेत तर सगळं खापर दरबारावर फुटतं. ते लिहिणारेच कारभार बदलत होते.