एमआरआयचा रिपोर्ट फाईलमध्ये सगळ्यांत वर ठेवू नका

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मुलगा साडेतीन वर्षांचा, बोलत नाही, डोक्याचा घेर तक्त्यापेक्षा मोठा, कुठेतरी वाचलंत की ऑटिझममध्ये 67 टक्के जास्त न्यूरॉन, म्हणजे मेंदूतल्या पेशी, असतात, आणि आता विचारताय की एमआरआयमध्ये ते दिसेल का, म्हणजे सासरच्यांना एकदाचं पटेल. 2018 साली बडोद्याला दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात बसून मी अगदी हाच विचार करत होते.

नाही दिसणार. (मी डॉक्टर नाही, शिकवण्या घेते. माझा मुलगा आता अकरा वर्षांचा आहे, एवढीच माझी पात्रता.) थेरपी, कानांची तपासणी वगैरे तुमचं चालू असेलच, ते सोडते.

तो 67 चा आकडा खरा आहे, पण तो कसा निघाला हे बातमीत येत नाही. 2011 साली कॅलिफोर्नियात एरिक कूर्शेन यांच्या गटाने कपाळामागच्या भागातल्या, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्समधल्या, पेशी मोजल्या. ऑटिझम असलेले 7 मुलगे आणि नसलेले 6, वयं 2 ते 16. आणि ही सगळी मुलं वारलेली होती. मेंदूचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली मोजणी झाली. हे मला कळलं त्या रात्री मी तो आकडा परत कुणाला ऐकवला नाही. एमआरआयच्या चित्रातला एक ठिपका साधारण एक मिलिमीटरचा असतो, तेवढ्यात हजारो पेशी मावतात. जिवंत मुलाच्या पेशी कोणतंही मशीन मोजत नाही.

शिवाय "जास्त" हे सगळीकडे नाही. लहान मेंदूतल्या (हा डोक्याच्या मागच्या बाजूला खाली असलेला मेंदूचा भाग) पर्किंजे नावाच्या पेशी ऑटिझमच्या बऱ्याच जणांत उलट कमी सापडल्यात. 2014 च्या एका अभ्यासात ऑटिझमच्या 11 पैकी 10 मुलांच्या कॉर्टेक्समध्ये, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या आवरणात, पेशींच्या थरांची घडी विस्कटलेले छोटे छोटे पट्टे दिसले, तेही कापांतच. त्यामुळे "जास्त पेशी म्हणजे हुशार असणार" म्हणणाऱ्या आमच्या आत्याबाईंना मी हल्ली फक्त चहा देते.

यातली एक गोष्ट मात्र घरी जरूर सांगा. कॉर्टेक्समधल्या या पेशी मुख्यतः गर्भातच तयार होतात, साधारण 10व्या ते 20व्या आठवड्यात. म्हणजे पेशी खरंच जास्त असतील, तर सुरुवात जन्माआधीच झालेली असते. लस, मोबाईल, "आई नोकरी करते", हे सगळं त्यानंतरचं. माझ्या सासूबाई हे ऐकून गप्प बसल्या. पटलं की नाही ते माहीत नाही.

आता माझी चूक. आम्ही हट्टाने एमआरआय काढला. एवढ्या लहान मुलाला हलू न देता झोपवायला औषध लागतं, त्याआधी उपाशी ठेवावं लागतं. झोपेच्या औषधानंतरही तो जागाच, मग दुसरा डोस, मग सुई. हातावरची चिकटपट्टी तो दोन दिवस नखाने सोलत होता, आणि पुढचं वर्षभर पांढरा कोट दिसला की माझ्या ओढणीत शिरायचा. साडेसहा हजार गेले. रिपोर्ट आला: नॉर्मल. सासरे म्हणाले, "बघ, काही नाहीये त्याला." ज्यांना पटवायला काढला, त्यांच्याच हातात मी हत्यार दिलं.

पुढे दिव्यांग प्रमाणपत्राच्या वेळी तोच रिपोर्ट मी फाईलमध्ये सगळ्यांत वर लावला, महागडा कागद म्हणून. खिडकीवरच्या माणसाने पहिलं पान वाचलं आणि म्हणाला, "बेन, आमां तो बधुं नॉर्मल छे" (यात तर सगळं नॉर्मल आहे). आयसाची (ऑटिझम किती आहे ते वागणुकीवरून मोजायची भारतीय पद्धत) चाळीस मुद्द्यांची तपासणी त्याच फाईलमध्ये तिसऱ्या पानावर होती. तिथवर तो गेलाच नाही. मग मेंदूच्या डॉक्टरांचं लेखी मत आणा, मग आज साहेब नाहीत, मग झेरॉक्स पुसट आहे. आठ महिने! ऑटिझम वागणुकीवरून ठरतो, स्कॅनवरून नाही, हे त्या खिडकीला मी सांगायचं? कार्यालयाचं नाव लिहीत नाही, आणखी एक काम निघायचंय तिथे.

तर माझं मत (मतच, सल्ला तुमच्या डॉक्टरांचा): निव्वळ ऑटिझम "दाखवायला" स्कॅन नको. पण झटके येत असतील, बोलणं वगैरे येत असलेलं एकदम जात असेल, अंगावर फिकट पांढरे डाग असतील, किंवा डोकं फार झपाट्याने वाढत असेल, तर गोष्ट वेगळी, तेव्हा डॉक्टर सांगतील ते करा. डोकं बरंच मोठं असेल तर पीटीईएन जनुकाच्या (मोठं डोकं आणि ऑटिझम या दोन्हींशी जोडलेलं जनुक) तपासणीबद्दल त्यांना आवर्जून विचारा. माझ्या वेळी हे मला कुणी सांगितलं नाही. मोठं डोकं एवढ्यावरून ऑटिझम ठरत नाही, आणि ऑटिझमच्या बहुतेक मुलांचं डोकं नेहमीसारखंच असतं.

स्कॅनची रंगीत चित्रं दाखवून स्टेम सेलच्या (मूळ पेशींच्या) उपचारांचं पॅकेज विकणारेही भेटतील. आपल्या देशाच्या 2017 च्या नियमावलीत ऑटिझमसाठी ते मान्य उपचार नाहीत. पैसे घेऊन कुणी देत असेल तर उठून या.

आणि "घरात एकच भाषा बोला" असं कुणी सांगितलं तर मराठी सोडू नका. आम्ही दीड वर्ष फक्त गुजराती बोललो, आजीशी त्याचं नातंच तुटत चाललं होतं. त्याचा पहिला स्पष्ट शब्द "पोळी" होता.

प्रमाणपत्राला जाल तेव्हा आयसाचा कागद वर, डॉक्टरांचं निदान त्याखाली. एमआरआय असलाच तर तळाला, आणि मागितला तरच दाखवायचा.