गावच्या घराची प्रेमकथा लिहिताना

तुमची नायिका गावच्या घरी परतते, इथपर्यंत ठीक. पण ती तिथे राहते कशासाठी? नुसतं शहराला कंटाळून आलेलं माणूस आठवड्याभरात परत जाऊ शकतं. तिला अडकवणारं काहीतरी ठोस हवं: घराची विक्री, सही न करणारा भाऊ, आजारी आई. त्याला मुदतही घाला.

नायकाचंही त्या घराशी काही देणंघेणं असू द्या. समजा, तो शेजारची जमीन कसतो आणि घर विकलं गेलं तर त्याची वाट बंद होते. मग प्रत्येक भेटीत ओढही असते आणि ताणही. दुरावा मात्र गैरसमजावर बेतू नका. एका फोनने मिटणारं भांडण शंभर पानं चाललं की मी तर पुस्तक मिटून टाकते.

पाऊस, मातीचा वास वगैरे आवरा. गळकं छप्पर दाखवा, ते दुरुस्त करताना दोघांना बोलू द्या. शेवट सुखाचा किंवा निदान आशेचा हवाच, या प्रकारच्या कादंबरीत वाचक तेच धरून बसलेला असतो. पण त्यासाठी दर वेळी नायिकेनेच नोकरी का सोडायची? नायकाने काही सोडलं तरी चालेल की!