फोनला किती वाजले हे कुणी सांगितलं?

घड्याळं मागंपुढं करायचा हंगाम आला की या सदराचं टपाल एकदम जड होतं. मार्चमध्ये युरोप-अमेरिकेत उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढं नेतात तेव्हा एकदा, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात ती पुन्हा मागं आणतात तेव्हा एकदा. मी २१ वर्षं युरोपातल्या एका मोबाईल कंपनीच्या नेटवर्क विभागात काढली आणि अशा कितीतरी शनिवारच्या रात्री ड्युटीवर जागून काढल्या. त्यामुळे हा विषय निघाला की मी जरा जास्तच बोलते. पहिल्या पत्रानं बरीच जागा खाल्ली आहे, बाकीच्यांनी रागावू नये.

प्रश्न : ताई, मी जर्मनीत राहते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सकाळी उठले तेव्हा फोनचं घड्याळ आपोआप एक तास मागं आलेलं होतं. सोमवारी कामाला निघाले. गाडीत वीसेक मिनिटं झाली असतील, बघते तर फोन एक तास पुढं! धापा टाकत ऑफिसात पोचले, तर तिथं पुन्हा बरोबर वेळ. संध्याकाळी परतताना तोच खेळ. नवऱ्याचं सिम त्याच कंपनीचं आहे, त्याला काहीच होत नाही. फोन बिघडलाय का? नवीन घेऊ?

उत्तर : अजिबात घेऊ नका. तुमचा फोन निरपराध आहे. त्याला कुणीतरी खोटं सांगतंय आणि तो बिचारा विश्वास ठेवतोय.

फोनच्या पोटात जे खरं घड्याळ असतं, ते या उन्हाळी-हिवाळी वेळेच्या भानगडीत पडतच नाही. १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले एवढंच ते मोजतं, तेही यूटीसी या जागतिक वेळेनुसार. त्या रविवारी रात्री ते पुढंही सरकलं नाही आणि मागंही नाही. पडद्यावर तुम्हाला ७:४० दिसतं ते त्या सेकंदांच्या आकड्यात तुमच्या वेळविभागाचा फरक मिळवून. जर्मनीत हिवाळ्यात अधिक १ तास, उन्हाळ्यात अधिक २. घोळ होतो तो या फरकात.

म्हणून असं पत्र आलं की मी आधी विचारते, चूक कितीची? अगदी तंतोतंत एका तासाची असेल तर मूळ वेळ शाबूत आहे, फक्त फरक चुकलाय. चार-सहा मिनिटांची असेल तर मूळ वेळच बिघडली आहे, आणि तो दुखण्याचा वेगळाच प्रकार. तुमचं दुखणं पहिल्या प्रकारचं.

हा फरक फोनला सांगणारे साक्षीदार दोन-तीन असतात. एक त्याच्या स्वतःजवळची नियमांची यादी. जगातल्या कुठल्या विभागात कोणत्या तारखेला किती वाजता घड्याळ हलतं, ते तीत लिहिलेलं असतं. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी ती सुरू केली, २०११पासून तिचं घर आयकॅन या इंटरनेटची नावं-पत्ते सांभाळणाऱ्या संस्थेकडे आहे, आणि 'युरोप/बर्लिन' अशी तिच्यातली नावं असतात. दुसरा साक्षीदार मोबाईलचं नेटवर्क. तिसरं म्हणजे इंटरनेट आणि तुम्ही कुठं आहात याचा फोननं बांधलेला अंदाज. 'वेळ आपोआप' असं ठेवलं की बरेच फोन आधी नेटवर्कचं ऐकतात.

नेटवर्क काय करतं? फोन त्याच्याकडे हजेरी लावतो तेव्हा ते एक चिठ्ठी पाठवतं. तिचं नाव एनआयटीझेड, आम्ही 'निट्झ' म्हणायचो. तिच्यात यूटीसी वेळ असते, विभागाचा फरक पाव-पाव तासांत मोजलेला असतो (म्हणून भारताचा साडेपाच तासांचा फरक २२ आणि नेपाळचा पावणेसहाचा २३ असा जातो), आणि उन्हाळी वेळ चालू आहे का याची एक खूण असते. गंमत अशी की ही चिठ्ठी पाठवणं मोबाईल कंपनीवर बंधनकारक नाही. मन असेल तर पाठवा, अशा थाटात ती मानकात बसली आहे. अर्थात तिची काळजीही तशीच घेतली जाते.

ही चिठ्ठी टॉवर लिहीत नाही, तो नुसता पोस्टमन. लिहिणारा असतो मागचा स्विच, म्हणजे फोन जोडून देणारं कंपनीचं मोठं यंत्र, आणि एकेका स्विचच्या ताब्यात एकेक मोठा पट्टा असतो. तुमची गाडी एका पट्ट्यातून दुसऱ्यात शिरते, फोन तिथं नव्यानं हजेरी लावतो आणि नवी चिठ्ठी घेतो. त्या मधल्या पट्ट्याचा स्विच अजून ऑक्टोबरातल्या उन्हात बसलाय. ऑफिस पुन्हा शहाण्या स्विचच्या हद्दीत येतं. नवरा बहुधा त्या वाटेनं जातच नाही, किंवा त्यानं कधीतरी विभाग हातानं निवडून ठेवलाय आणि विसरलाय. विचारून बघा.

हे एवढ्या खात्रीनं सांगते, कारण एकदा ती चूक आमच्याकडूनच झाली होती. मार्चची रात्र. दोनचे तीन वाजले, आम्ही एकेक स्विच तपासला, सगळं ठीक दिसलं म्हणून कॉफी प्यायला बसलो. सहाच्या सुमारास ग्राहक सेवेकडून फोन. पहाटेच्या पाळीचा एक बसचालक तासभर उशिरा पोचला होता आणि त्याचं म्हणणं, फोन आत्ताही पाचच दाखवतोय. मग दुसरी तक्रार, मग दहावी. सगळ्या एकाच खोऱ्यातल्या. तिथला स्विच दुसऱ्या बनावटीचा होता. इतर स्विच नियमावरून तारीख काढायचे, याला मात्र दर वर्षाच्या तारखा हातानं भराव्या लागत. यादी आदल्या वर्षी संपली होती. भरायचं काम कुणाचं, यावर पुढं दोन बैठका झाल्या.

तारीख भरायला मला चार मिनिटं लागली. पण दुरुस्त केल्यानं फोन दुरुस्त होत नाहीत हो! चिठ्ठी मिळते ती हजेरीच्या वेळी. ज्याचा फोन उशाशी शांत पडलाय, त्याला नवी चिठ्ठी मिळणारच नाही. एक तरुण सहकारी म्हणाला, स्विच बंद करून चालू करू, सगळे फोन पुन्हा हजेरी लावतील. मी त्याला खुर्चीतून उठूच दिलं नाही. हजारो फोन एकदम दार ठोठावायला आले की स्विच कोलमडतो, मग वेळ तर सोडाच, तातडीचा फोनही लागत नाही. आम्ही वाट पाहत बसलो. लोक जागे झाले, हिंडू-फिरू लागले, तसतसे फोन एकेक करून सुधारत गेले. दुपारपर्यंत तक्रारी थांबल्या. विमान मोड चालू-बंद करण्याचा जो घरगुती उपाय सगळे सांगतात, त्यात जादू काही नाही. त्यानं फोन पुन्हा हजेरी लावतो एवढंच. तुमच्या बाबतीत तो गाडीत करून उपयोग नाही, तीच चुकीची चिठ्ठी पुन्हा हातात पडेल.

तुमच्यासाठी उपाय असा. अँड्रॉइडवर 'वेळ आपोआप' चालू राहू द्या, फक्त 'वेळविभाग आपोआप' बंद करून बर्लिन निवडा. आयफोनवर दोन्हीला मिळून एकच बटण आहे, ते बंद करून शहर निवडा आणि तास-मिनिटांना हात लावू नका. हे शेवटचं फार महत्त्वाचं. लोक काय करतात, तर आपोआप बंद करून सरळ तास एकनं मागं घेतात. पडद्यावर बरोबर दिसतं, पण त्यासाठी त्यांनी पोटातलं खरं घड्याळ एका तासानं चुकवलेलं असतं. मग बँकेच्या किंवा ईमेलच्या ॲपमधला तो दर ३० सेकंदांनी बदलणारा सहा आकडी कोड चालेनासा होतो, कारण तो यूटीसीवरून काढतात. 'खातं हॅक झालं' म्हणून घाबरलेली तीन पत्रं मला याच कारणानं आली आहेत.

आणि कंपनीला तक्रार करा. 'फोन चुकतो' असं नका लिहू. कुठल्या दोन स्टेशनांच्या मध्ये, किती वाजता, नेमका एक तास, असं लिहा. माझ्यासारखं कुणीतरी तिथं बसलेलं असतं, त्याला एवढंच लागतं.

प्रश्न : आम्ही ॲरिझोनात फिरायला गेलो होतो, जुलैत. एका दुपारी फोन इतक्यांदा बदलला की मार्गदर्शकाची वेळच चुकली. तिथं तर उन्हाळी वेळ पाळत नाहीत ना?

उत्तर : राज्य पाळत नाही. पण त्याच राज्याच्या ईशान्येला नाव्हाहो नेशन, म्हणजे नाव्हाहो या मूळ अमेरिकी लोकांचा स्वतःचा प्रदेश आहे, तो पाळतो. त्याच्या पोटात होपी या दुसऱ्या मूळ अमेरिकी लोकांचा प्रदेश आहे, तो पाळत नाही. ट्यूबा सिटी नाव्हाहोंची आणि शेजारचं मोएनकोपी होपींचं, उन्हाळ्यात रस्ता ओलांडला की तास बदलतो. टॉवरला मात्र या सीमा कळत नाहीत. अलीकडचा टॉवर पलीकडच्या फोनलाही चिठ्ठी देतो. तिथं फिरताना विभाग हातानं निवडा. राज्याची वेळ हवी तर फीनिक्स, नाव्हाहोंची हवी तर डेन्व्हर. आणि सहल ठरवताना 'तीन वाजता' एवढ्यावर थांबू नका, कुणाचे तीन ते विचारा. मार्गदर्शकांना या प्रश्नाची सवय असते.

प्रश्न : मार्चमध्ये दोन-तीन आठवडे माझी न्यूयॉर्क-लंडन बैठक दर वेळी तासानं हुकते. नंतर आपोआप जमते. हे काय?

उत्तर : अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ हलवते, युरोप शेवटच्या रविवारी. मधल्या काळात दोन शहरांत ५ऐवजी ४ तासांचा फरक असतो. बैठक ज्यानं ठरवली त्याच्या गावच्या वेळेला ती चिकटलेली असते. हलायचं कुणी, हे एकदा ठरवून टाका. फोनचा यात काही दोष नाही.

प्रश्न : मेक्सिको सिटीत राहतो. माझा फोन जुना, पण धडधाकट. सिम काढून फक्त वायफायवर वापरतो. इथं उन्हाळी वेळ बंद होऊन काळ लोटला, तरी एप्रिल आला की हा गृहस्थ तासभर पुढं जातो. समजूत कशी घालू?

उत्तर : मेक्सिकोनं २०२२च्या ऑक्टोबरात उन्हाळी वेळ रद्द केली, अमेरिकेला लागून असलेली काही गावं सोडून. तुमच्या फोनला ते कुणी कळवलंच नाही. त्याची यादी जुनी, आणि सिम नसल्यामुळे चिठ्ठीही नाही. अँड्रॉइड १०पासून ही यादी पूर्ण सिस्टिम न बदलता वेगळी ताजी करायची सोय आली. त्याआधीच्या फोनची यादी बनवणाऱ्या कंपनीच्या मर्जीवर. सोपी चोरवाट सांगते. फोनला सांगा की तो कोस्टा रिकात आहे. सान होसेची वेळ यूटीसीच्या ६ तास मागं, तुमचीही तेवढीच, आणि तिथं घड्याळ हलत नाही. जुन्या यादीतही हे बरोबर लिहिलेलं आहे.

तुमच्या सरकारनं कायदा केला तो घड्याळं मागं यायच्या जेमतेम दोन दिवस आधी, पण निदान त्यावर ते ठाम राहिलं. काही सरकारांची तऱ्हा विचारू नका. लेबनॉननं २०२३च्या मार्चमध्ये फक्त दोन दिवस आधी ठरवलं की बदल रमजान संपेपर्यंत पुढं ढकलायचा. बऱ्याच फोननी जुन्या यादीप्रमाणे घड्याळ पुढं नेलं. तिथल्या ख्रिस्ती लोकांचं मॅरोनाइट चर्च आणि काही वाहिन्यांनीही तीच वेळ धरली, म्हणजे एका देशात दोन वेळा. सोमवारी सरकारनं निर्णय मागं घेतला. तुर्कस्ताननं २०१५ साली १ नोव्हेंबरच्या निवडणुकीसाठी बदल दोन आठवडे लांबवला, फोन मात्र २५ ऑक्टोबरलाच मागं आले. ज्यांनी ही यादी सांभाळायची, त्यांना अशा वेळी काय वाटत असेल याची मला कल्पना आहे. दोन दिवसांत जगातल्या सगळ्या फोनपर्यंत यादी पोचवणं कुणाच्याच हातात नसतं.

प्रश्न : घड्याळ बरोबर बदलतं, पण गजराचा भरवसा वाटत नाही. उगाच भीती आहे का?

उत्तर : उगाच नाही. गजर हा घड्याळाहून वेगळा कार्यक्रम असतो. २०१०च्या शरदात युरोपात आयफोनचं घड्याळ बरोबर मागं आलं, पण रोज वाजणारे गजर तासभर उशिरा वाजले. पुढं २०११च्या १ आणि २ जानेवारीला तर एकदाच वाजायला लावलेले गजर वाजलेच नाहीत. ते दोष कधीच दुरुस्त झाले. तरी घड्याळ बदलायच्या रात्री मी आजही उशाशी सेलवरचं साधं घड्याळ ठेवते. मार्चच्या रात्री गहाळ होणाऱ्या तासातला गजर तर लावूच नका. अमेरिकेत त्या रात्री अडीच वाजतच नाहीत, मग प्रत्येक फोन आपापल्या अकलेनं वागतो.

प्रश्न : मी अमेरिकेत रुग्णालयात रात्रपाळी करते. नोव्हेंबरात दीड दोनदा वाजतो. फोनवर घेतलेल्या माझ्या टिपणांत आणि सहकाऱ्यांच्या संदेशांत क्रमच लागत नाही. काय करावं?

उत्तर : फोन प्रत्येक गोष्टीची यूटीसी वेळ जपून ठेवतो, म्हणून संदेश आतून बरोबर क्रमानं असतात. गोंधळ दिसतो तो वाचताना, आणि हातानं लिहिलेल्या नोंदींत तर कायमचा राहतो. २०१६च्या नोव्हेंबरात तिकडं जुळी मुलं झाली, पहिलं १:३९ला आणि दुसरं ३१ मिनिटांनी, म्हणजे १:१०ला. कागदोपत्री धाकटा थोरला झाला!

आमच्याकडे बिलांचा असाच प्रश्न होता, फक्त तिथं दोन ते तीन हा तास दोनदा येतो. दुसऱ्या फेरीतल्या सव्वादोनला संपलेला फोन पहिल्या फेरीतल्या पावणेतीनला सुरू झालेला असायचा, म्हणजे बोलणं उणे ३० मिनिटांचं. म्हणून कॉलच्या नोंदीत वेळेपुढं यूटीसीपासूनचा फरक लिहायची पद्धत आहे. तुम्हीही तेच करा. पहिल्या दीडपुढं 'उन्हाळी', दुसऱ्यापुढं 'हिवाळी', आणि पाळी सुरू होतानाच सगळ्यांना सांगून ठेवा. दोन वाजता सांगून उपयोग नाही, तोवर अर्धे कागद भरलेले असतात.