रंगाआधी पत्रा बघा

दसरा जवळ आला की नाशिकच्या अंबडमधल्या आमच्या रंगकामाच्या शेडवर जुन्या गाड्यांची रीघ लागते. प्रत्येकाचं म्हणणं एकच, "मस्त रंग मारून द्या." मी मात्र आधी खाली बसून दरवाजाची खालची कड बघतो. गाडीला रंग हवाय की नको, ते तिथंच कळतं. या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी पाच प्रश्नांना उत्तरं देतोय.

माझी २०१० ची लाल पिकअप आहे. बॉनेट आणि टप पांढुरके पडलेत, हात फिरवला की बोटाला पावडर लागते. हौद्यात गंज आहे. द्राक्षबागेच्या फवारणीची टाकी यातच असते. पूर्ण गाडी रंगवून घेऊ का? – एक बागायतदार, दिंडोरी

घाई करू नका. बॉनेटचं दुखणं वेगळं आणि हौद्याचं वेगळं, त्यामुळे औषधही एक नाही.

आधी बॉनेट. तळहाताएवढ्या जागेवर रबिंग कंपाउंड लावून पांढऱ्या सुती कापडानं घासा. कापड लाल झालं तर तुमच्या रंगावर क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर) नाही, उन्हानं फक्त वरचा थर मेलाय. खाली रंग जिवंत आहे. दोन हजार नंबरचा वॉटर पेपर भरपूर पाण्यात हलक्या हातानं फिरवा, मग रबिंग, मग वॅक्स. गाडी ओळखू येणार नाही. कडांवर मात्र पेपर लावू नका, तिथं रंग सगळ्यात पातळ असतो आणि प्रायमर लगेच उघडं पडतं. कापड पांढरंच राहिलं आणि रंगाची साल सुटत असेल, तर क्लिअर कोट गेलाय. तो घासून परत येत नाही. तेवढे दोन भाग घासून नव्यानं रंगवावे लागतील.

हौद्याची मला जास्त काळजी वाटते. मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) पाण्यात लोखंडी खिळा टाकून बघा, थोड्याच वेळात त्यावर तांबूस थर चढतो. टाकीतून सांडलेल्या औषधातलं तांबं तुमच्या पत्र्यावर असंच बसतं आणि त्याच्या शेजारचं लोखंड झपाट्यानं गंजतं. पोटॅशच्या गोण्या वाहत असाल तर त्यातला क्लोराइडही तेच करतो.

स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि गंजलेल्या जागी, विशेषतः सांध्यांत, जोर देऊन टोचा. आरपार गेला तर तो पत्रा संपला. तिथं लांबी (खळगे बुजवायची पुट्टी) भरून वरून रंग मारणाऱ्याकडे गाडी देऊ नका. सडका भाग कापून नवा तुकडा वेल्ड करून घ्या. टोक आत जात नसेल तर ग्राइंडरला वायर ब्रश लावून पत्रा चकचकीत होईपर्यंत घासायचा, खळग्यांत उरलेल्या गंजाला फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण लावायचं, धुऊन पूर्ण कोरडं करायचं आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारायचं. उघडा पत्रा रात्रभर ठेवला की सकाळी पुन्हा तांबूस झालेला असतो. त्यावर पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून घट्ट होणारा पॉलियुरेथेन रंग.

नंतर प्रत्येक फवारणीनंतर हौदा धुवा, पाणी जायची भोकं काडीनं मोकळी करा. रबरी मॅट टाकली असेल तर ती उचलून वाळवा. मॅटखाली पाणी महिनोन्‌महिने साठून राहतं. पूर्ण गाडीच्या रंगाचे पैसे वाचवा आणि हौद्यावर नीट खर्च करा.

ट्रकचं पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) पुढच्या महिन्यात आहे. पेंटर म्हणतो, जुन्या रंगावरच हात मारून देतो. चालेल का? – ट्रकमालक, पिंपळगाव बसवंत

लाकडी हौद्याला आणि फाळक्याला चालेल. धुऊन, वाळवून, पेपर मारून ऑइल पेंट द्या. केबिनला चालणार नाही. गाडीला आठ वर्षं झाली की दरवर्षी पासिंग येतं आणि दरवर्षी एक हात चढतो. असे पाच-सहा थर साचले की रंगाला उभ्या-आडव्या भेगा पडतात, भेगेतून पाणी आत जातं आणि गंज वरून दिसतही नाही. तुमच्या केबिनला भेगा असतील तर या वर्षी खरवडून काढाच.

रिफ्लेक्टिव्ह टेपवर रंगाचा फवारा जाऊ देऊ नका. पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल टेप स्वच्छ दिसली पाहिजे. रात्री महामार्गावर बंद पडलेला ट्रक मागच्याला दिसतो तो तिच्यामुळेच. आणि फाळक्यावर 'हॉर्न ओके प्लीज' पुन्हा लिहून घेऊ नका. महाराष्ट्रात त्यावर २०१५ पासून बंदी आहे.

बाबांची १९९२ ची टाटा ४०७ (छोटा ट्रक) आहे. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. दरवाजावर त्यांनी पेंटरकडून हातानं लिहून घेतलेलं आजीचं नाव आहे. भाऊ म्हणतो, सगळी गाडी नवीकोरी करू. माझं मन होत नाही. – नाशिकरोड

ताई, तुमचं मन बरोबर सांगतंय. रंग पुन्हा मारता येतो, तो हात पुन्हा मिळत नाही.

आधी बाबांच्या गाडीची तब्येत बघा. छोटा लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून दरवाजावरून, मडगार्डवरून, समोरच्या काचेखालून हळूहळू फिरवा. जिथं तो पकडत नाही, तिथं खाली जाड लांबी भरलेली आहे. अशा जागा कागदावर काढून ठेवा. मग काचेचं रबर एका कोपऱ्यात जरा उचलून बघा. जुन्या केबिन बहुतेक तिथूनच सडतात, कारण रबराखाली पाणी मुरतं. पायदान आणि केबिनची तळपट्टीही तपासा.

गंजलेला भाग दुरुस्त करून रंगवा, पण नावाचा दरवाजा वेगळा ठेवा. तो कापूस आणि सौम्य साबणाच्या पाण्यानं पुसा, रबिंग कंपाउंड अक्षरांच्या जवळही नेऊ नका. अक्षरं बहुधा ऑइल पेंटची आहेत. वरून पीयूचा क्लिअर मारला तर त्यातल्या थिनरनं ती सुरकुततील. नुसतं वॅक्स पुरे, वर्षातून दोन-तीनदा. बाकी गाडीचा रंग कारखान्याच्या जुन्या शेडवर न जुळवता, आज उन्हानं उतरलेल्या या दरवाजाशी जुळवून घ्या. पेंटर कुरकुर करेल, कारण नमुने करून बघावे लागतात. तरी आग्रह धरा. आणि काही करायच्या आधी दरवाजाचा सकाळच्या उजेडात, समोरून सरळ फोटो काढून ठेवा.

लिलावातला जुना लष्करी ट्रक घेतलाय. मूळचाच ऑलिव्ह ग्रीन ठेवू ना? – देवळाली कॅम्प

नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२१ सांगतो की हा रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना. दुसरा रंग निवडा, तो आरसीवर लागेल हे आरटीओत आधी बघा, विमा कंपनीलाही कळवा. मग डबे विकत घ्या.

पेंटर म्हणतो, एनसी (नायट्रोसेल्युलोज रंग) मारू, लवकर वाळतो, दसऱ्याला गाडी देतो. इथं पाऊस अजून थांबलेला नाही. – इगतपुरी

लवकर वाळतो हे खरं, पण त्यातला थिनर झपाट्यानं उडतो, पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतली वाफ त्यावर धरते आणि रंग धुरकट पांढरा होतो. शिवाय एनसी उन्हात लवकर उतरतो. पीयू टिकतो, पण ओलाव्यानं त्याचा हार्डनरही बिघडतो आणि रंगाला फोड येतात. प्रायमर तर पाणी पिऊन बसतं.

जुना रंग कोणता आहे, तेही बघा. थिनरमध्ये भिजवलेला बोळा घासा. रंग विरघळून बोळ्यावर आला तर एनसी, सुरकुतला तर ऑइल पेंट, काहीच झालं नाही तर भट्टीचा (कारखान्यात तापवून पक्का केलेला) किंवा पीयू. पहिल्या दोघांवर सरळ पीयू मारला तर खालचा जुना रंग उचलतो.

दसऱ्याला गाडी धुवा, झेंडूची माळ घाला, पूजा करा. पत्र्याचं काम तोवर करून घ्या, रंग दिवाळीनंतर. थंडी वाढली की दुपारी दोनच्या आत मारायला सांगा, म्हणजे रात्रीच्या गारव्याआधी तो धरतो. आणि पीयू मारणाऱ्या पोराच्या तोंडाला नुसता रुमाल दिसला तर काम थांबवा. हार्डनरमधल्या आयसोसायनेटनं दमा जडतो, त्याला फिल्टरचा मास्क तुम्ही स्वतः आणून द्या.