बाबांच्या वहीत तुमचा रकाना

ताई, नमस्कार.

मी ४३ वर्षांची. मानेवाड्याला राहते, शाळेत शिक्षिका आहे. घरात सासरे, हे, बारावीतली मुलगी आणि सातवीतला मुलगा. दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांची अँजिओप्लास्टी झाली. तेव्हापासून त्यांचं आळणी वेगळं करते, गोळ्यांची डबी भरते, सकाळ-रात्र त्यांचं बीपी मोजून वहीत लिहिते. बाबा म्हणतात, सूनबाईनं मोजलं की आकडा बरोबर येतो. पहाटे पाचला उठते, झोपायला बारा वाजतात.

गेल्या वर्षभरात मी फार चिडकी झाले आहे. मुलगा पाण्याची बाटली शाळेत विसरून आला तरी त्याच्या अंगावर धावून जाते आणि मग रात्री पडल्या पडल्या रडू येतं. मधूनच छातीत धडधडतं. यंदा महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी डोकं इतकं दुखलं की ओटा धरून उभी राहिले, पण नैवेद्य वेळेवर झाला. एरवी माझी तब्येत ठणठणीत आहे (धाकट्याच्या वेळी तेवढं बीपी वाढलं होतं, आठव्या महिन्यातच सिझर करावं लागलं, पण नंतर सगळं नॉर्मल). हे स्वभावाने खूप चांगले आहेत, मला कधी एका शब्दाने बोलत नाहीत. उलट म्हणतात, एवढं टेन्शन काहून घेऊन राहिलीस? मन शांत राहील असं एखादं प्राणायाम किंवा ध्यान सुचवा. मुलांसाठी तरी मला बदलायचं आहे.

— एक आई, नागपूर

बाई, प्राणायामाचं नंतर बोलू. आधी त्या कंसातल्या ओळीचं बोलायचं आहे. ती तुम्ही लिहिलीत आणि त्याच दमात ‘नॉर्मल’ म्हणून झाकून टाकलीत.

बीपी वाढलं म्हणून आठव्या महिन्यात सिझर केलं, म्हणजे आणखी थांबणं डॉक्टरांना धोक्याचं वाटलं होतं. मूल कमी दिवसांचं, तुमचे टाके ओले, घर सगळं घाबरलेलं. अशा वेळी बीपी उतरलं हे ऐकून सगळ्यांचा जीव भांड्यात पडला असणार आणि विषय तिथेच मिटला असणार. आपल्याकडे तसंच होतं. सव्वा महिना झाला की दवाखान्यात जातं ते बाळ, लशींसाठी. त्याला घेऊन जाणाऱ्या आईच्या दंडाला पट्टा बांधायचं कुणाच्या लक्षात येत नाही.

पण तो विषय मिटत नाही. गरोदरपणात बीपी चढतं, त्याबरोबर लघवीतून प्रथिनं जायला लागतात किंवा किडनी, यकृतावर परिणाम होतो, त्याला डॉक्टर प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. तुम्हाला नेमकं तेच होतं का, हे तुमचं तेव्हाचं डिस्चार्ज कार्ड सांगेल. ज्या बायकांना हे होऊन गेलं आहे त्यांना पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका इतर बायकांच्या साधारण दुप्पट असतो. बीपी कायमचं मागे लागण्याची शक्यता तर त्याहूनही जास्त. त्यापायी दिवस भरायच्या आत बाळंतपण करावं लागलं असेल तर धोका आणखी वाढतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०११ साली बायकांच्या हृदयविकाराबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत गरोदरपणातलं बीपी आणि गरोदरपणातला डायबेटिस या दोन्ही गोष्टी धोक्याच्या यादीत घातल्या आहेत.

गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ निम्म्याने वाढतं आणि ते सगळं हृदयाला फिरवावं लागतं. रक्तवाहिन्यांना हे झेपतं की नाही, ते तेव्हाच पहिल्यांदा दिसून येतं. तुम्ही शिक्षिका आहात, घटक चाचणीत जो मुलगा अडखळला त्याच्याकडे तुम्ही वार्षिक परीक्षेच्या आधी लक्ष देता की नाही? तुमची घटक चाचणी बारा वर्षांपूर्वी झाली. त्यानंतर तुमच्याकडे कुणी पाहिलेलं नाही. तुम्हीसुद्धा नाही.

मला याचा राग येतो आहे, आणि तो तुमच्यावरही आहे. घरात मशीन आहे. दिवसातून दोनदा ते तुमच्या हातात असतं. पट्टा कुठे बांधायचा, हात कुठे टेकवायचा, वरचा आकडा किती झाला की काळजी करायची, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. दोन वर्षं रोज तुम्ही तो पट्टा बाबांच्या दंडावरून सोडवता, गुंडाळता आणि डब्यात ठेवून देता. पत्रभर बाबांचं बीपी आहे, तुमच्या आजच्या बीपीचा एक आकडा नाही.

आणि तुमचे हे. असतील चांगले. पण बारा वर्षांपूर्वी तुम्हाला ऑपरेशन थिएटरमध्ये नेताना बहुधा त्यांनीच फॉर्मवर सही केली असेल. वडिलांचं बीपी घरात रोज दोन वेळा मोजलं जातं हे ते बघतात. त्यांना इतक्या वर्षांत एकदाही वाटू नये, की हिचंही बघावं? एका शब्दाने न बोलणं मी त्यांच्या चांगुलपणात धरणार नाही. ‘टेन्शन काहून घेऊन राहिलीस’ म्हणायला काही लागत नाही. टेन्शन तुम्ही हौसेने घेतलेलं नाही. डबे, आळणी भाजी, गोळ्यांची डबी, क्लासच्या वेळा, शाळेची ऑनलाइन माहिती, महालक्ष्म्या, हे सगळं एकाच बाईपुढे आणून ठेवलं की त्याचं जे होतं ते टेन्शन. त्यातलं काही उचलायला या, तिला विचारत बसू नका, हे माझं त्यांना सांगणं आहे. पत्राचं हे उत्तर त्यांना वाचायला द्या.

ताण खोटा आहे असं मी म्हणत नाही. बाटलीवरून तुम्ही मुलावर ओरडता तेव्हा अंगात अ‍ॅड्रेनलिन सुटतं, नाडी धावते, रक्तवाहिन्या आवळतात, बीपी चढतं. थोड्या वेळाने ते उतरलं तर बिघडत नाही. पण पहाटे पाचपासून रात्री बारापर्यंत उतरायला जागाच मिळाली नाही तर? रात्री झोपेत बीपी आपोआप खाली येतं, ती हृदयाच्या विश्रांतीची वेळ, आणि तुम्ही ती पाच तासांवर आणून ठेवली आहे. ५२ देशांमध्ये झालेल्या इंटरहार्ट अभ्यासाचे निष्कर्ष २००४ मध्ये आले. हार्ट अटॅकमागे जी नऊ मुख्य कारणं त्यात सापडली, त्यांत तंबाखू, बीपी, डायबेटिस यांच्या जोडीला मनावरचा ताणही होता.

म्हणून तुमची काळजी रास्तच आहे. मला भीती वेगळीच वाटते. चिडचिड झाली, ताण आहे. धडधडलं, ताण आहे. डोकं दुखलं, महालक्ष्म्यांची दगदग झाली. प्रत्येक गोष्टीला एक सोयीचं कारण तयार आहे, त्यामुळे तपासायचं राहूनच जातं. धडधड आणि चिडचिड थायरॉइडने होते, रक्त कमी असलं तरी होते, पाळी जायचं वय जवळ आलं की होते. आणि बीपी तर बहुतेकांना काही जाणवूच देत नाही. डोकं दुखेल तेव्हा बघू, असं म्हणून ते कळत नाही. मोजावंच लागतं.

तर आज रात्री बाबांचं मोजून झालं की मशीन डब्यात ठेवू नका. त्याआधीच्या अर्ध्या तासात चहा नको. लघवीला जाऊन या, खुर्चीला पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. मुलगी हाक मारेल, कुकरची शिट्टी होईल, उठायचं नाही. मग स्वतःच्या दंडाला पट्टा बांधा, हात छातीच्या पातळीला टेबलावर टेकवा, मोजताना बोलू नका. एक मिनिट थांबून पुन्हा मोजा. बाबांच्या वहीत त्यांच्या आकड्याशेजारी एक रकाना पाडा आणि तुमचा आकडा त्यांना लिहू द्या.

हो, बाबांनाच. पट्टा तुमचा तुम्ही बांधा, पेन त्यांच्या हातात द्या. सुनेचा आकडा सासऱ्यांनी लिहायचा म्हणून तुम्हाला संकोच वाटेल. वाटू दे. स्वतःची वही तुम्ही स्वतः लिहिलीत तर तिसऱ्या दिवशी ती बंद पडेल, कारण त्या दिवशी मुलीची टेस्ट असेल नाहीतर पाहुणे असतील. बाबा विसरणार नाहीत. या विषयातलं घरात सगळ्यात जास्त त्यांना कळतं, आणि त्यांच्यापाशी वेळ आहे. दोन वर्षं त्यांनी तुमच्याकडून सेवा घेतली. तुमच्यासाठी काही करायची संधी त्यांना कुणी दिली का? सूनबाईचा आकडा चढलेला दिसला की तेच तुमच्या ह्यांना हाक मारतील, आणि वडिलांच्या हाकेला त्या घरात जे वजन आहे ते तुमच्या तक्रारीला आजवर मिळालेलं नाही.

सात दिवस, सकाळ-संध्याकाळ, दोन-दोनदा. घरी मोजताना सरासरी १३५/८५ किंवा त्याच्या वर आली तर ते जास्त समजतात, दवाखान्यात मोजताना १४०/९०. पण सरासरी कितीही येवो, आठव्या दिवशी फिजिशियनकडे जायचंच आहे. खाजगीत जायचं नसेल तर मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत जा. साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड, हिमोग्लोबिन, किडनीची आणि लघवीची तपासणी आणि ईसीजी, यातलं काय लागेल ते डॉक्टर ठरवतील. आकडा मोठा दिसला म्हणून बाबांच्या डबीतली गोळी मात्र तोंडात टाकू नका. ती त्यांच्यासाठी दिलेली आहे.

आठ दिवस थांबायचं नाही अशी वेळही येऊ शकते. वरचा आकडा १८० किंवा खालचा १२० दाखवला आणि सोबत छातीत दुखलं, दम लागला, दिसायला धूसर झालं किंवा बोलताना जीभ जड झाली, तर त्याच क्षणी १०८ ला फोन करायचा. छाती भरून येणं, जबडा, खांदा किंवा पाठीत वरच्या बाजूला दुखणं, घाम सुटणं, मळमळणं, कारण नसताना दम लागणं, अशी काही लक्षणं एकदम दिसली तरी तसंच, मग मशीनवर आकडा कितीही असो. बायकांचा हार्ट अटॅक पुष्कळदा अशा आडवाटेने येतो, आणि घरात ‘अ‍ॅसिडिटी असेल’ म्हणून ओवा खायला देतात. ओटा धरून उभं राहायचं आणि नैवेद्य आधी उरकायचा, असं पुन्हा करू नका. महालक्ष्म्या सोनपावलांनी येतात, घरच्या लक्ष्मीला आडवं पाडून त्यांना जेवायचं नसतं.

आता तुमचं प्राणायाम. संथ श्वासाने बीपी थोडं खाली येतं हे खरं आहे, म्हणून करा. मोजून झाल्यावर त्याच खुर्चीत दहा मिनिटं, मिनिटाला सहाच्या आसपास श्वास, सोडताना जास्त सावकाश. औषध लागलं तर त्याच्या जागी हे चालणार नाही. आणि बाराला झोपून पाचला उठणाऱ्या बाईला मी ध्यान सुचवणार नाही, तिला झोप पाहिजे. रात्रीचा ओटा आणि सकाळचा एक डबा आजपासून ह्यांच्याकडे. विनंती करू नका, सांगून टाका. जेवताना बाबांच्या आळणी भांड्यातलंच स्वतःला वाढून घ्या. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा बाबांइतकीच तुम्हालाही लागू आहे, आणि ती भाजी तर घरात रोज तुमच्याच हातची तयार असते.

मुलांसाठी बदलायचं आहे, असं लिहिलंत. तुम्ही वाईट आई झालेल्या नाहीत, बाई. तुम्ही दमल्या आहात, कदाचित आजारी आहात, आणि पोर बाटली विसरलं की ते दमलेपण त्याच्यावर निघतं. त्याला जवळ घेऊन एवढंच सांगा, की आई या आठवड्यात स्वतःचं बीपी मोजते आहे. मुलीलाही कंसातली ती ओळ कधीतरी सविस्तर सांगा. आईला हे झालं असेल तर मुलीला तिच्या गरोदरपणात होण्याची शक्यता वाढते, आणि ते तिच्या डॉक्टरला माहीत असलं पाहिजे.

ते डिस्चार्ज कार्ड बहुधा धाकट्याच्या लसीकरणाच्या कार्डाबरोबर कपाटात असेल. वही आणि ते, दोन्ही पिशवीत टाका. ह्यांना रजा काढायला लावा, आणि ते आत डॉक्टरांसमोर तुमच्या शेजारच्या खुर्चीत बसतील, बाहेर गाडीपाशी थांबणार नाहीत. डॉक्टरांनी काय होतंय विचारलं की थकवा, चिडचिड, मुलांचं वर्ष, हे नंतर. सगळ्यात आधी म्हणा: ‘डॉक्टर, धाकट्याच्या वेळी माझं बीपी वाढलं होतं, आठव्या महिन्यात सिझर झालं, आणि त्यानंतर बारा वर्षं मी कधी मोजलं नव्हतं. हे या आठवड्याचे आकडे.’