एआय वापर, पण निवाडे स्वतः वाच

दिवाणी दाव्याचा मसुदा तू एआयकडून काढून घेतलास, त्याला माझी हरकत नाही. घटनाक्रम लावायला, जाडजूड पत्रव्यवहार चाळायला ते कामाचं आहे. निवाडे मात्र त्याच्या भरवशावर घेऊ नकोस. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात चॅटजीपीटीने रचलेले निवाडे दाखल केल्याबद्दल वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला. निवाडे खरे आहेत का, हेही त्यांच्यातल्या एकाने चॅटजीपीटीलाच विचारलं होतं! चोरालाच पंच नेमायचा म्हणजे झालं. संदर्भ दिलेला परिच्छेद मूळ निकालात उघडून वाचल्याशिवाय अर्जात घालायचा नाही.

आता पुरावा. अशील चॅटचा स्क्रीनशॉट आणून देईल, त्यावर भागवू नकोस. फोन जपून ठेवायला सांग, पूर्ण संभाषण एक्स्पोर्ट करून घे आणि त्याच दिवशी फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा डिजिटल ठसा, काढून ठेव. एसएचए-२५६ पद्धतीत ६४ चिन्हांची ओळ मिळते; फाइलमधला एक स्वल्पविराम हलला तरी ती पार बदलते. ‘फाइल नंतर बदलली’ या हरकतीला ते उत्तर आहे. मजकूर खरा आहे हे त्याने सिद्ध होत नाही, त्याला साक्षीदार लागतोच.

आणि पीडीएफमध्ये नाव झाकायला नुसती काळी पट्टी ओढू नकोस. खालचा मजकूर कॉपी करून वाचता येतो. मी हे केलंय. समोरच्या वकिलानेच हळूच सांगितलं, म्हणून लाज राखली गेली.